मायचे धुतलेले खेकडे

माझ्या मायवर कुणी आवाज चढवला की माझं डोकं फिरतं. लहानपणापासून फिरतं. आता जालन्यात कॉलेजच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवते, केसात पांढरं दिसायला लागलंय, तरी फिरतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझं माहेर भोयाचं. कुंभार पिंपळगावच्या थोडं पुढं, गोदावरीला येऊन मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आमचं गाव. आमच्यात पाण्याची वाटणी असते. शेताला बांध तशी पाण्याला हद्द. या बाभळीपासून त्या खडकापर्यंत या घराचं, तिथून पुढं त्या घराचं. कुठं लिहिलेलं नाही, पण दुसऱ्याच्या हद्दीत कुणी हात घातला तर दोन्ही घरांचं बोलणं कायमचं बंद होतं. नदीतली मासळी इतरांच्या वाट्याला गेली आणि ओढ्यातले खेकडे आमच्या. वडील गेल्यावर माय एकटीच ते धरायची. दगडाखाली हात घालून खेकडा मागच्या बाजूनं असा काही उचलायची, की त्याच्या नांग्या हवेतच चावत बसायच्या. मग घायपाताच्या दोरीनं त्यांच्या माळा बांधायच्या, टोपलीत ओलं गोणपाट घालायचं आणि बाजारच्या दिवशी कुंभार पिंपळगावात जाऊन बसायचं. तिचं सगळं जग म्हणजे ती टोपली. सण, लग्न, आजारपण, काहीही असो, बाजार चुकवला नाही बाईनं.

वडीगोद्रीकडं हायवेला एक धाबा आहे. त्याचा मालक मायचं ठरलेलं गिऱ्हाईक. बाजारच्या दिवशी सकाळीच यायचा, निम्मी टोपली घेऊन जायचा. खेकड्याचा रस्सा खायला लोक त्याच्याकडं लांबून यायचे आणि तोही मायला "मावशी, मावशी" करून सोडायचा नाही.

त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी मायसोबत बाजारात बसले होते. मालक आला. मोटरसायकलवरून उतरला नाही. मागच्याच बाजारी नेलेल्या खेकड्यांपैकी उरलेले जिवंत खेकडे बादलीत घेऊन आलेला. बादली उचलली आणि मायच्या पुढ्यात उपडी केली.

"मावशी, घ्या तुमचा माल वापस. ओढ्याच्या खेकड्यात शिसं हाय म्हणं. सगळ्यांच्या मोबाईलवर आलंय. माझ्या गिऱ्हाइकाला जहर खाऊ घालू का?"

सगळा बाजार थांबला. खेकडे सुटले ते कुठं कुठं पळाले! एक भाजीवालीच्या मेथीत शिरला, एक चपलांच्या ढिगात. पोरं ओरडायला लागली. आणि माझी माय, त्या वयाची बाई, गुडघ्यावर बसून धुळीतून एकेक खेकडा गोळा करत होती आणि म्हणत होती, "मी काय जहर विकून राह्यले का? सांगा की. मी जहर विकून राह्यले का?" वर्षानुवर्षं तिच्याकडून घेणाऱ्या बायासुद्धा टोपलीकडं बघत बघत पुढं गेल्या.

मी त्या माणसाला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं किक मारली तरी मी बोलतच होते, आणि तो कोपऱ्यावर दिसेनासा झाला तरी थांबले नाही. शेवटी मायनंच माझा पदर ओढला. "बस गं आता. लोक बघून राह्यलेत."

शिशाची भानगड नवी नव्हती. ओढ्याच्या वरच्या अंगाला चार-पाच वर्षांपूर्वी कुणीतरी बाहेरच्यानं पत्र्याचं शेड टाकलं होतं. तिथं भंगारातल्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे. काळं पाणी नालीनं ओढ्यात यायचं. गावानं तक्रारी केल्या तेव्हा कुठं कुलूप लागलं. माणसं गेली, शेड गेलं, पण चिखल कुठं जाणार? तो तिथंच बसला. आणि मग कुणीतरी ओढ्याचा व्हिडिओ काढून गावोगाव फिरवला.

त्या दिवसानंतर मायचा एकही खेकडा विकला गेला नाही. ती जायची, बसायची, भरलेली टोपली घेऊन यायची. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, वैतागला. त्याची मोसंबीची बाग आहे, घरात खायला-प्यायला कमी नाही. "माय, बस झालं आता. गुडघे गेलेत तुझे. घरी बस ना आरामात."

माय त्याच्यावर अशी खवळली की शेजारची माणसं दारात आली. "घरी बसंल, बिलकुल बसंल! पण मी उठून घरी येईन तवा. लोकांनी उठवलं म्हणून न्हाई बसणार. जहरवाली म्हणून न्हाई बसणार, सांगून ठिवते!"

प्रश्न एवढाच होता. मायला बाजारात परत बसायचं होतं, मान वर करून. बाकी कशाची तिला पडलेली नव्हती.

मला वाटलं, सोपंय. व्हिडिओ म्हणजे थापा असणार. खेकडे लॅबमध्ये तपासून घ्यायचे, रिपोर्ट त्या धाबेवाल्याच्या तोंडावर मारायचा. बर्फाच्या डब्यात ओढ्याच्या दोन जागचे खेकडे वेगवेगळे घालून मी स्वतः संभाजीनगरला गेले. कॉलेजात आम्हाला शिकवलेले एक सर आता तिथल्या एका लॅबचं काम बघतात. एसटीत माझ्या शेजारी कुणी बसेना इतका वास येत होता, पण मी मनातल्या मनात धाबेवाल्याला सुनवायची वाक्यं जुळवत होते. फार सुंदर वाक्यं होती. एकही वापरता आलं नाही.

कारण तो माणूस खरं बोलला होता.

खेकड्यांत शिसं होतं, कॅडमियमही होतं. नाली जिथं ओढ्याला मिळते त्या डोहातल्या खेकड्यांत भरपूर. डोहाच्या वरच्या, खडकाळ भागातल्या खेकड्यांच्या मांसात मर्यादेपेक्षा जरासं वर. आणि दोन्हीकडच्या खेकड्यांच्या पाठीखालचं जे पिवळं असतं ना, लोणी-लोणी लागणारं, ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात, ते सगळ्यात वाईट. सर म्हणाले, "ते म्हणजे त्याचं यकृतच समज. शरीरात आलेला धातू तो तिथं साठवून ठेवतो."

हे मायला सांगायचं माझ्या जिवावर आलं. ओट्यावर बसून सांगितलं. तिनं एकच विचारलं, "म्हणजे मी इतकी वर्सं लोकांच्या लेकरांना हेच खाऊ घातलं का गं?"

"नाही माय. शेड आलं तेव्हापासूनचं आहे हे. आधीचं नाही." मी पटकन बोलले. खरंच होतं ते, पण तिच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या घाईत होते. बॅग खांद्याला लावलेली. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली, "निघतं का ते?"

"काय?"

"शिसं. खेकड्याच्या अंगातून. तू एवढी शिकलीस. निघतं का न्हाई, ते सांग ना."

मी बॅग खाली ठेवली. तिथूनच सरांना फोन लावला. पुढचा एक तास सर बोलत होते आणि मी ऐकत होते, आणि मधूनमधून माय परातीतून मान वर करून विचारत होती, "काय म्हनून राह्यले? काय म्हनून राह्यले?"

सर म्हणाले ते असं. शिजवून, तळून, उकळून धातू जात नाही. धातूच तो, जळून कुठं जाणार? पण खेकडा जिवंत असताना त्याला स्वच्छ पाण्यात ठेवलं, पाणी रोज बदललं, स्वच्छ खायला घातलं, तर त्याचं शरीर स्वतःच हळूहळू काही भाग बाहेर टाकतं. मांसातलं उतरतं. पिवळ्यातलं मात्र सहजी उतरत नाही, ते काढूनच टाकावं लागेल. आणि डोहातल्यांचा नादच सोडा, ते इतके भरलेले आहेत की कितीही ठेवा, उपयोग नाही. वरच्या भागातले धरा. "पण तपासल्याशिवाय एकही विकायचा नाही," सर पुन्हा पुन्हा म्हणाले. मी मायला सगळं समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली आणि मला एसटीत बसवून दिलं.

आता यातलं 'स्वच्छ पाणी' एवढंच तिनं पक्कं धरलं. आणि आमच्याकडं पाणी स्वच्छ कशात होतं? तांब्यात! घरात एकच तांब्याचं घंगाळ, दिवाळीच्या आंघोळीला माळ्यावरून खाली उतरणारं. मायनं ते उतरवलं. वहिनीला कामाला लावलं. दोघींनी चिंच आणि मीठ लावून घंगाळ असं घासलं की तोंड दिसावं. त्यात विहिरीचं पाणी भरलं, खेकडे सोडले, वरून फळी ठेवली आणि देवाला हात जोडले. तांब्यातलं पाणी पिऊन माणसाचं पोट साफ होतं, तर खेकड्याचं का होणार नाही?

सकाळी फोन. मायचा आवाज घाबराघुबरा. "अगं, निम्मे मेले. उरलेले पाय ताणून पडलेत. लाथ मारली तरी हलंनात."

"कशात ठेवले होते?"

"तांब्याच्या घंगाळात. चांगलं चिंचेनं घासून."

मी कपाळावर हात मारून घेतला. "माय! तांबं पण धातूच आहे गं! एक धातू काढायला गेलीस आणि दुसरा खाऊ घातलास. आणि चिंचेनं घासल्यावर तर ते आणखी पाण्यात उतरतं!"

तिनं हळूच विचारलं, "मंग माणसाला कसं चालतं?"

"तू घंगाळात रात्रभर बसतेस का?"

यावर ती जी हसायला लागली! व्हिडिओ आल्यापासून पहिल्यांदाच हसत होती. मागं वहिनीही हसत होती, आणि मीही स्टाफरूममध्ये एकटीच खिदळत उभी. मेलेले खेकडे त्यांनी खड्ड्यात पुरले आणि घंगाळ परत माळ्यावर गेलं.

मग मी रजा टाकून गावी आले. तांबं नाही, पितळ नाही, लोखंडी टाकी नाही. दादाच्या बागेत सिमेंटचा हौद होता, बोअरचं पाणी त्यात पडायचं. ते पाणी आधी तपासून घेतलं, चांगलं निघालं. मोसंबी भरायची प्लॅस्टिकची कॅरेट होती, जाळीदार. ती हौदात मांडली, निम्मी पाण्यात, निम्मी वर, कारण या खेकड्यांना हवाही लागते. एका कॅरेटात थोडेच खेकडे, नाहीतर एकमेकांच्या तंगड्या तोडतात. वरून ओलं गोणपाट, उन्हासाठी. दादा लांब उभा राहून कपाळाला आठ्या घालून बघत होता.

"माझी कॅरेटं. माझा हौद. आन् हे पाणी कुठं सोडणार? माझ्या मोसंबीला?"

बरोबर होतं त्याचं. त्या पाण्यात तोच कचरा उतरणार होता. शेवटी त्यानंच कुरकुरत एक खड्डा खणला, त्यात शेततळ्याचा उरलेला जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि हौदातलं जुनं पाणी तिथं सोडायचं ठरलं. तोंडानं नाही नाही म्हणायचं आणि हातानं काम करायचं, आमच्या दादाचा स्वभावच तो.

आमच्याकडं वेळ बाजारात मोजतात, एक बाजार म्हणजे एक आठवडा. तीन बाजार होईपर्यंत खेकडे हौदात ठेवायचे असं मी ठरवलं. पहिले काही दिवस उपाशी, मग स्वच्छ खाणं. स्वच्छ म्हणजे काय, तर मायच्या हातची ज्वारीची भाकरी. सकाळ-संध्याकाळ ती कॅरेटपाशी बसायची आणि भाकरीचे तुकडे आत टाकायची. मला फोनवर रोज खबर. "आज तो मोठा बराबर खाऊन राह्यला. त्या कोपऱ्यातल्याला भाकरी आवडंना, नाक मुरडतो मेला. जावई हाय का तू माझा?"

नवे खेकडे मात्र डोहातून आणायचे नाहीत, हे मायला फार जड गेलं. डोह म्हणजे तिची खरी जागा. वरच्या भागात खडक, निसरडं, खेकडे लहान. गुडघे दुखत होते तरी ती वर चढायची. डोहाकडं मात्र एकदाही गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तो आता आपला न्हाई. जाऊ दे." एवढंच.

आणि मग पिवळ्यावरून आमचं भांडण झालं. कडाक्याचं.

तिचं म्हणणं, "तीन बाजार पाण्यात ठिवल्यावर पिवळं पण साफ झालं असंल."

"नसेल झालं."

"तुला काय म्हाईत? खाऊन बघितलं का?"

"माय, खाऊन कळत नाही ते! म्हणून तर भानगड आहे!"

"पिवळं फेकायचं म्हणजे लग्नातून नवरी उचलून न्यायची आन् लोकांना म्हनायचं, बसा, जेवा! लोक खेकडा कशासाठी घेतात? पिवळ्यासाठी! गिऱ्हाइकाच्या लेकरांना मी बोटानं चाटवलंय ते. आता त्यांच्यासमोर फेकून देऊ?"

मीही तिचीच पोरगी. आम्ही दोघी हौदाच्या काठावर उभ्या राहून इतक्या भांडलो की दादा मोसंबीच्या रांगांमध्ये निघून गेला. शेवटी मी म्हणाले, ठीक आहे, पिवळं वेगळं, मांस वेगळं, दोन्ही तपासायला देऊ. जे येईल ते दोघींनी मान्य करायचं. मायनं एक अट घातली, "आन् रस्सा. रस्सा पण तपासायचा. कच्चा खेकडा कोण खातंय? तुमचे सर खातात का?"

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुझ्या आईला सांग, मुद्दा चांगला आहे. आणा."

मग मायनं रस्सा केला. खेकडे उघडले, पिवळं सगळं काढून वेगळ्या डब्यात, कल्ले फेकून दिले, बारीक पाय पाट्यावर वाटून गाळले, काळा मसाला, खोबरं, तीळ. रस्सा थंड करून बाटलीत भरला. बाटली माझ्या हातात देताना म्हणाली, "त्यांना म्हनावं, तपासून उरंल ते खा." एसटीत यावेळी वास असा सुटला की मागच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, डब्यात काय आहे, थोडं मिळेल का.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी वर्गात होते. फोन वाजला, सरांचं नाव दिसलं. पोरांना म्हटलं, गप्प बसा, आणि वर्गाबाहेर पळाले.

मांस मर्यादेच्या आत. रस्सा मर्यादेच्या आत. पिवळं अजूनही वर.

मी कॉरिडॉरमध्ये ओरडले. खरंच ओरडले. शिपाई धावत आला, त्याला वाटलं साप निघाला. मी मायला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"माय? रडतेस का?"

"न्हाई गं. भाकरी करून राह्यले, धूर झालाय." आणि थोड्या वेळानं, "पिवळं फेकू. बराबर हाय तुझं. फेकू."

बाजारच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. ती नेहमीच्या जागी बसली. टोपलीसोबत यावेळी एक पाट, एक सुरी, झाकणाची बादली आणि गॅसची छोटी शेगडी. मी रिपोर्टची मोठी झेरॉक्स काढून मागच्या लिंबाच्या बुंध्याला लावली. तो कुणी वाचणार नाही, हे मलाही माहीत होतं.

बाजार भरला. लोक येत होते, बघत होते, लांबूनच जात होते. "जहरवाली आली परत," असं कुणीतरी हळू बोललेलं मी ऐकलं आणि उठायलाच निघाले होते, तेवढ्यात माय स्वतःच उभी राहिली. पदर खोचला. आणि नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात बोलायला लागली.

"या, सगळे या! लांबून काय बघता? माझ्या ओढ्यात शिसं उतरलं, खरं हाय ते. मी न्हाई टाकलं, पन उतरलं. डोहातला खेकडा मी सोडला. हे वरच्या खडकातले, तीन बाजार बोअरच्या पान्यात ठिवलेले, माझ्या हातची भाकरी खाल्लेले. आता बघा मी काय करते!"

लोक जमले. कुंभार पिंपळगावचा बाजार असा आहे, कुणी मोठ्यानं बोललं की वजनं टाकून लोक येतात. मायनं एक खेकडा घेतला, पाठ उचकटली आणि ते पिवळं, जाड, चकचकीत पिवळं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बादलीत टाकून झाकण लावलं. एक म्हातारी कळवळली, "अगं, अगं, पिवळं फेकून राह्यली बाई!"

"फेकून राह्यले! जहर त्याच्यातच हाय. बाकीचं साफ. लॅबमधी तपासलंय, रस्सा सुद्धा." मग तिनं शेगडी पेटवली. लसणाचा वास सुटला, मसाल्याचा सुटला. रस्सा उकळला. मायनं वाटीत घेतला, भाकरी मोडली आणि सगळ्या बाजारासमोर जेवायला बसली. मला म्हणाली, "ये गं." मीही बसले. काय सांगू, त्या रस्स्याची चव! नाकातून पाणी येईपर्यंत तिखट. आम्ही दोघी मायलेकी मजेत जेवत होतो आणि भोवती माणसांचं कडं.

ती कळवळलेली म्हातारीच पहिली पुढं आली. "मला पन दे गं वाटीभर." तिनं घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "पिवळं न्हाई तरी लागतो बाई चांगला. सहा दे मला. पन तूच उघडून दे, मला न्हाई जमायचं फेकायला." कुणीतरी हसलं. मग दुसरी आली. मग शाळेत मास्तर असलेला एक जण आला, रिपोर्ट खरंच वाचला, मला दोन प्रश्न विचारले आणि खेकडे घेतले. मायची सुरी थांबेना. दुपारच्या आत टोपली रिकामी. माझा जीव भांड्यात पडला तो तिथं.

त्यानंतर ती दर बाजारी तशीच बसायला लागली. ज्या त्या गिऱ्हाइकासमोर उघडून, पिवळं काढून. हौदातल्या प्रत्येक घाण्यातले काही खेकडे मी नेऊन तपासून आणते, आणि एकदा मांसात जरासं वर आलं तेव्हा तिनं तो सगळा घाणा आणखी एक बाजार हौदात ठेवला, स्वतःहून. शेजारच्या गावचा एक जण खेकडे घेऊन आमच्यापासून थोड्या अंतरावर बसला, तर बाया त्याला विचारायला लागल्या, "धुतलेले हायेत का? किती बाजार ठिवले?" माय त्याला म्हणाली, ये हौद बघायला, सांगते कसं करायचं. तो आलाही.

आणि मग एका बाजारी तो धाबेवाला आला.

मी योगायोगानं तिथंच होते. मोटरसायकल लांब लावली. चालत आला. मी बाह्या सरसावून बसले, एसटीत जुळवलेली ती सगळी वाक्यं जिभेवर आली. पण मायनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"मावशी," तो म्हणाला, "सगळे विचारून राह्यलेत. खेकडा कुठंय, खेकडा कुठंय. हौदातले सगळे मला द्या. आजच्या आज. रविवारी मोठं जेवण हाय धाब्यावर."

"हौदातल्यांचा एकच बाजार झालाय," माय म्हणाली.

"चालतंय की. बाकीचं मी माझ्याकडं पान्यात ठिवतो."

"तुझ्याकडं न्हाई. माझ्याकडं. अजून दोन बाजार."

"मावशी, काय व्हतंय तेवढ्यानं? जेवणाची माणसं ठरलीत. माझी इज्जत जाईल ना."

आजूबाजूच्या बायका कान टवकारून बसल्या होत्या. माय सावकाश उठली. गुडघ्यावर हात ठेवून, पण उठली. त्याच्या डोळ्याला डोळा लावला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलली.

"तुझ्या गिऱ्हाइकाला मी जहर खाऊ घालू का?"

धाबेवाल्याचं तोंड एवढंसं झालं. मग मायनंच सुरी पाटावर ठेवली, पदरानं हात पुसले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "दोन बाजारांनी ये. सकाळी ये. पिवळं काढून देते, चांगले मोठे देते. तोवर त्यांना दुसरं काहीतरी खाऊ घाल."

"बरं," तो म्हणाला. "बरं मावशी. येतो." आणि चालत गेला.

मी तिथंच भर बाजारात टाळ्या वाजवायला लागले. एकटीच. लोक वळून बघायला लागले. बघू देत.